न जुळणारी नोंद खोडू नका

प्रयोगवहीत न जुळणारा आकडा आला की तो खोडायचा आणि पुस्तकातल्या उत्तराशी जुळेल असा लिहायचा, ही सवय शाळाशाळांतून रुळली आहे. प्रयोग दोलकाचा असो की भिंगाचा, उत्तर आधी पाहायचे आणि नोंदी मागाहून भरायच्या. वही नीटनेटकी दिसते, गुणही मिळतात. आमच्या मते ही सवय विज्ञानाच्या मुळावर येणारी आहे. का, ते एका ताऱ्यावरून सांगतो.

हिवाळ्यात मृगातील तीन ताऱ्यांची रेषा आग्नेयेकडे वाढवली की व्याध दिसतो. रात्रीच्या आकाशातील हा सर्वांत तेजस्वी तारा. तारे स्थिर वाटतात, पण वर्षानुवर्षे मोजले तर ते किंचित सरकताना आढळतात. एकटा तारा सरळ रेषेत सरकायला हवा. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी स्वतःच्या आणि आधीच्या निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा व्याधाची वाट नागमोडी निघाली. फरक अतिसूक्ष्म होता. ‘मोजण्यातली चूक’ म्हणून तो सोडून देता आला असता. बेसेल यांनी तो सोडला नाही. व्याधाला न दिसणारा जोडीदार आहे, असे त्यांनी १८४४ मध्ये जाहीर केले. १८४६ मध्ये ते वारले. पुढे १८६२ मध्ये अमेरिकेत अल्वन ग्रॅहम क्लार्क नव्या दुर्बिणीचे भिंग तपासत असताना व्याधाशेजारी तो अंधुक ठिपका दिसला. त्याचे वस्तुमान सूर्याएवढे, पण आकार जेमतेम पृथ्वीएवढा, हे नंतर कळले. अशा ताऱ्याला श्वेत बटू म्हणतात.

आजही हीच रीत चालते. दिसणारा तारा किती डोलतो आणि जवळ येताना व दूर जाताना त्याच्या वर्णपटातील रेषा किती सरकतात, हे मोजून अदृश्य जोडीदाराचे वस्तुमान काढतात. ते सूर्याच्या तिपटीहून बरेच अधिक निघाले आणि तरीही तेथे काहीच चमकत नसेल, तर ते कृष्णविवर असण्याचा संभव मोठा. युरोपच्या ‘गाया’ या अंतराळयानाच्या मोजमापांतून २०२४ मध्ये गरुड तारकासमूहात असेच कृष्णविवर सापडले. ते सूर्याच्या सुमारे ३३ पट जड आहे. त्याचा जोडीदार तारा साडेअकरा वर्षांहून अधिक काळात एक फेरी पुरी करतो.

न जुळणारी प्रत्येक नोंद म्हणजे शोध नव्हे, हे खरे. बहुतेक वेळा चूक आपलीच असते. पण ती चूक की आणखी काही, हे पुन्हा मोजल्यावरच कळते. खोडलेल्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आलेला आकडा आहे तसा लिहा, पुन्हा मोजा, तोही लिहा आणि फरक का पडला असावा याचा विचार करा. शिक्षकांनी त्या विचाराला गुण द्यावेत. पालकांनी ‘उत्तर बरोबर आले का?’ याआधी ‘कसे मोजलेस?’ असे विचारावे. विश्वस्त मंडळींना आमची विनंती एवढीच, की विज्ञान प्रदर्शनातील एक बक्षीस चकचकीत प्रतिकृतीऐवजी प्रामाणिक प्रयोगवहीसाठी राखून ठेवावे. त्याला खर्च फारसा नाही, आणि त्यातून मुलांना लागणारी सवय जन्मभर पुरेल.