घोंगडीवर सोडा घालू नका

चंपाषष्ठी झाली की आमच्या कळमनुरीत वलणीवर ओल्या घोंगड्या दिसू लागतात. तळी भरताना उधळलेला भंडारा घोंगडीत बसलेला असतो. तो काढायला घरोघर उकळतं पाणी, धुण्याचा सोडा आणि ब्रश बाहेर येतो. भंडाऱ्यानं घोंगडी वाया जात नाही. जाते ती या धुण्यानं, हे मला ठासून सांगायचं आहे.

हळदीला सोडा लागला की ती लाल होते. हळदीचं कुंकू होतं ते असंच. पण लाल डाग बघून आपण घाबरतो आणि आणखी सोडा ओततो. लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांत असतं तेच प्रथिन. सोडा ते खातो, ब्लीच तर ते चक्क विरघळवतं. गरम पाण्यात चोळलं की लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, घोंगडी आटते, आणि आटलेली घोंगडी पुन्हा पसरत नाही. शिवाय विणल्यावर तिला चिंचोक्याची खळ लावलेली असते. ती निघून गेली की अंगावर घ्यायला उरतं ते नुसतं लुळं कापड.

माझ्याकडे सासूबाईंची काळी घोंगडी आहे. भंडारा पडला की त्या पाण्याचा थेंब लागू देत नसत. अंगणात दोघींनी चार कोपरे धरून झटकायची, उलटी करून काठीनं हलकं बडवायची, मग उन्हात टाकायची. हळदीचा रंग उन्हानं उडतो, त्याला दुसरं औषध लागत नाही. दूध किंवा चहा सांडला तर लगेच सुती फडकं दाबून टिपून घ्यायचं, मग थंड पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुन्हा टिपायचं. घासायचं नाही. दुधाच्या डागावर गरम पाणी घातलं तर तो पक्का बसतो. तेल सांडलं तर वर ज्वारीचं पीठ भुरभुरून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी झटकायचं.

धुवायचीच वेळ आली तर रिठ्याचं गार पाणी घ्यावं. पिळू नये. भिजलेली लोकर जड होते, वलणीवर टांगली की स्वतःच्या ओझ्यानं ताणते. म्हणून बाजेवर सावलीत आडवी पसरावी. नव्या घरांतल्या लोकरी गालिच्यालाही हाच नियम. फक्त रंग सुटतो का ते आधी कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघावं.

पेटीत लिंबाचा पाला टाकून निश्चिंत होणं मला पटत नाही. कसर लागते ती अंधारात, न हललेल्या लोकरीला. पावसाळा सरला की घोंगडी काढून झटकायला आणि उन्हात टाकायलाच हवी.

दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, तिला भाव नाही; कातरलेली लोकर टाकून देणारे मेंढपाळही आहेत. अशा वेळी विणकराकडून हौसेनं घेतलेली घोंगडी पहिल्याच धुण्यात आटली, तर ते घर दुसरी घेत नाही, बाजारातलं पॉलिएस्टरचं ब्लँकेट आणतं. म्हणून माझी मागणी आहे: पुण्यातल्या मेंढी व शेळी विकास महामंडळानं निगा कशी राखावी याची मराठी चिठ्ठी छापून विणकरांना फुकट द्यावी. ती येईपर्यंत विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला घडी बांधून देतानाच तोंडी सांगावं: गार पाणी, रिठा, सोडा नको.