उकिरडा, गोग्रास आणि बिबट्या

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, ही म्हण मी फळ्यावर किती वेळा लिहिली असेल याची गणती नाही. सुरुवातीच्या वर्षांत तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे. घरोघर उकिरडा होता आणि मुले तो रोज ओलांडून शाळेत येत. पुढे पुढे मुले विचारू लागली, "सर, पांग म्हणजे काय?" आणि नोकरीच्या अखेरच्या काळात एकाने विचारले, "सर, उकिरडा म्हणजे डंपिंग ग्राउंडच ना?" वर्ग हसला. मीही हसलो. पण त्या पोराचे फारसे चुकले नव्हते, हे आता वाटते.

आमच्या फुलंब्रीकडच्या जुन्या उकिरड्यात असायचे काय? शेण, गोठ्यातला केर, चुलीची राख, पालापाचोळा, फार तर भाजीची देठे. शिळी भाकरी उकिरड्यावर जातच नसे. ती दारच्या कुत्र्याला किंवा म्हशीच्या आंबोणात जायची. त्यामुळे रानातून कोल्हा आला तरी त्याला तिथे खाण्यासारखे काही नसे. उन्हाळ्यात सगळे खत गाडीत भरून शेतात जायचे आणि खड्डा पुन्हा रिकामा. पांग फिटायचे ते असे.

आज दारात उकिरडा नाही, कॅरीबॅग आहे. तिच्यात काल रात्रीचा भात, पोळ्या, चिकनची हाडे, दुधाची पिशवी आणि औषधाची रिकामी पाकिटे एकत्र कोंबून, वर गाठ मारून आपण ती रात्रीच कोपऱ्यावरच्या खांबापाशी ठेवून देतो. घंटागाडी येणार सकाळी. मधले आठ-दहा तास ती पिशवी कुणाची? आधी कुत्री येतात, मग डुकरे, घुशी आणि मांजरे. गावकुसाबाहेर ज्यांची घरे आहेत त्यांच्याकडे रानडुक्कर आणि कोल्हाही फिरकतो. उजाडले की कावळे, आणि ऊन वर आले की वानरांची टोळी. मग आपण म्हणतो, "वानरं लई माजलीत!" मंडळी, माजली नाहीत. आपण रोज पंगत मांडतो आणि पाहुणे वेळेवर येतात, एवढेच.

हा नुसता घाणीचा प्रश्न असता तर मी लिहायला बसलो नसतो. या पिशवीमागे एक साखळी आहे. उघड्या अन्नावर भटकी कुत्री पोसली जातात, आणि कुत्रे हे बिबट्याचे अगदी सोयीचे भक्ष्य. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यात (आताचे अहिल्यानगर) अकोले भागातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशोबाने त्यांच्या आहारात सुमारे ८७ टक्के वाटा माणसाच्या आसपास राहणाऱ्या जनावरांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के! शेळ्या त्या मानाने कितीतरी कमी. म्हणजे आपण खांबापाशी शिळा भात टाकतो आणि दोन पायऱ्या वर बिबट्याचे ताट वाढले जाते.

आपल्याकडे हे सगळे दूरचे राहिलेले नाही. गौताळा अभयारण्य आपल्याच जिल्ह्याच्या अंगाला आहे. ३ डिसेंबर २०१९ ला तर बिबट्या थेट शहरात, सिडको एन-१ मध्ये शिरला होता. वन विभागाने त्याला बेशुद्ध करून पकडले. जुलै २०२४ मध्ये उल्कानगरी भागात पुन्हा एक बिबट्या कॅमेऱ्यात दिसला आणि शहराने कित्येक रात्री जागून काढल्या. हे दोघे कचऱ्यापायीच आले असे मी म्हणत नाही. वाट चुकूनही आले असतील. पण वाट चुकून आलेल्याला इथे खायला मिळाले तर तो परत जाण्याची घाई कशाला करील?

पुणे जिल्ह्यात जुन्नर-शिरूरकडे काय झाले ते आपण वाचले आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात लहान मुलांचे जीव गेले. तिथली कारणे मोठी आहेत. उसाचे रान आहे, बिबट्यांची वाढलेली संख्या आहे. एकट्या कचऱ्यावर खापर फोडणे बरोबर नाही. त्या घरांच्या दुःखापुढे कुणी शहाणपण शिकवू नये. पण दुःख ओसरल्यावर सगळीकडे एकच मागणी होते : पिंजरा लावा, उचलून दुसरीकडे सोडा. जुन्नरला हाही उपाय २००१ पासून पुढच्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर करून झाला होता. बिबटे पकडले, दूर जंगलात सोडले, आणि अभ्यासकांना आढळले की त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, आणि रिकामी झालेली जागा दुसरे जनावर भरून काढते. पिंजरा कधीकधी लावावाच लागतो, नाही असे नाही. पण पिंजऱ्याबाहेर पंगत तशीच चालू ठेवली तर पिंजरे किती लावणार?

आता पुण्याकडे वळू या. पुणे शहर नव्हे, पापपुण्यातले पुण्य! आमच्या गल्लीतल्या एक वहिनी मला म्हणाल्या, "गुरुजी, फेकून देण्यापरीस मुक्या जनावराच्या तोंडी पडलं तर पुण्यच की!" भावना चांगली आहे, तिची थट्टा मी करणार नाही. पण आपल्या वाडवडिलांनी गोग्रास कसा सांगितला ते आठवा. तो आपण जेवायच्या आधी काढायचा, ताज्या अन्नातला, आणि आपल्या हाताने गाईच्या तोंडात द्यायचा. काकबळीही तसाच. उष्टे, आंबलेले, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रस्त्यावर फेकलेले अन्न म्हणजे गोग्रास नव्हे. गाईला पिशवीची गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. अशा गाईंच्या पोटातून डॉक्टरांनी किलोकिलोंनी प्लॅस्टिक काढल्याच्या बातम्या आपण वाचतोच. राज्यात २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, तरी आमच्या आठवडी बाजारात ती पिशवी मागितल्याशिवायही मिळते! दौलताबादला किंवा वेरूळला जाऊन वानरांना बिस्किटे घालणाऱ्यांनाही हेच सांगणे. वानराला पाला, फळे, शेंगा खायची रीत आहे. बिस्किटाची चटक लागली की ते पिशव्या हिसकावते, पोरांना ओरबाडते, आणि शेवटी मार त्यालाच बसतो. भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत तर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की वाटेल तिथे नव्हे, ठरवून दिलेल्या जागीच खायला घाला.

हा दोष फक्त आपलाच आहे असेही नाही. अमेरिकेत यलोस्टोन नावाचे मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे एके काळी हॉटेलांचे उष्टेखरकटे उघड्यावर ओतत आणि ते खायला येणारी अस्वले बघण्यासाठी पर्यटकांना बाके मांडून ठेवलेली असत! पुढे डोळे उघडले आणि १९७० च्या सुमारास उरलेले उकिरडे झपाट्याने बंद केले. क्रेगहेड बंधू नावाचे अभ्यासक सांगत होते की हे हळूहळू करा. कुणी ऐकले नाही. कचऱ्यावर वाढलेली अस्वले मग माणसांच्या तंबूंकडे वळली आणि त्यांतली कितीतरी मारावी लागली. नंतर मात्र त्यांनी अस्वलाला न उघडणारी झाकणे बसवली, नियम कडक केले, आणि अस्वले पुन्हा रानातल्या अन्नावर जगू लागली.

यलोस्टोनची गोष्ट वाचताना मला नारेगाव आठवले. तीन दशकांहून जास्त काळ शहराचा कचरा तिथल्या लोकांच्या नाकाशी पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी गाड्या अडवल्या. त्यांचे म्हणणे शंभर टक्के रास्त होते. न्यायालयानेही तिथे कचरा टाकायला मनाई केली. पण पुढची सोय आधी केलेलीच नव्हती. कचरा गल्लोगल्ली साचला, आणि मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमारापर्यंत पाळी गेली. कचरा एका जागेवरून हलवला म्हणजे संपत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या दारात जातो. आपण खांबापाशी पिशवी ठेवतो तेव्हा लहान प्रमाणात तेच करत असतो.

मग करायचे काय? फार काही नाही. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायचा. २०१६ च्या नियमांनीही हेच सांगितले होते. ओल्याला घट्ट झाकणाची बादली हवी. वानर-मांजरांचा त्रास असेल तर झाकणावर दगड ठेवावा. बादली रात्री घरात किंवा बंद ओट्यावर असावी आणि सकाळी घंटागाडीच्या हातातच द्यावी. अंगण असेल त्याने दीड-दोन हात खोल खड्डा करावा, रोज टाकलेल्यावर माती किंवा वाळका पाला पसरावा, भोवती बाभळीच्या काट्या लावाव्यात. त्यात भाजीपाला चालेल, पण मटण-मासळी आणि तेलकट नको. त्या वासानेच तर सगळे येतात. आणि उपद्रव टळावा म्हणून कचऱ्यात विष तर मुळीच घालू नये. ते उंदराबरोबर मांजर, कुत्रे आणि घारही मारते.

राहिली गोष्ट चिकन-मटणाच्या दुकानांची आणि मंगल कार्यालयांची. एका लग्नात जेवढे अन्न मागच्या नाल्यात जाते तेवढे आमची गल्ली महिन्यात टाकत नसेल. त्यांचा कचरा रोजच्या रोज झाकून उचलायची व्यवस्था लावणे आणि मोडणाऱ्याकडून दंड घेणे हे आपल्या एकट्यादुकट्याचे काम नाही, ते नगरपंचायतीचेच आहे. तसे लेखी मागायला हवे. मागण्याचा हक्क मात्र आपली बादली झाकलेली असेल तरच शोभतो.

कोल्ह्याने रानात शिकार करावी, वानराने झाडावरचे खावे, बिबट्याने माणसापासून चार हात लांब राहावे. ही त्यांची रीत आहे आणि त्यातच त्यांचा मान आहे. आपल्या आळसापायी आपण त्यांना उष्ट्याची सवय लावतो, आणि सवय लागली की त्यांनाच चोर ठरवून काठी उगारतो. मला हा अन्याय वाटतो. तो थांबवायला एक झाकण पुरते, आणि ते बाजारात पन्नास-साठ रुपयांच्या बादलीबरोबर मिळते.