पायऱ्यांवर जुळणारी माणसेही पाहा

‘पेठांची भांडणे म्हणजेच कोल्हापूरचा फुटबॉल’ अशा आशयाचे पत्र वाचले. लेखकांचा राग समजतो. हुल्लडबाजी होते, सामने पोलीस बंदोबस्तात उरकावे लागतात, हे खोटे नाही. पण म्हणून सामनेच बंद करा, हे पटत नाही.

राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध खंडोबा तालीम हा सामना त्यांनी एकदा पायऱ्यांवर बसून पाहावा. शेजारचा कोण, काय करतो, कुणी विचारत नाही. ‘काका, सरका की जरा’ एवढ्यावर ओळख सुरू होते. मध्यंतरापर्यंत शेंगदाण्याची पुडी या हातातून त्या हातात जाते आणि पंचांनी दिलेला ऑफसाइड बरोबर की चूक, यावर वाद पेटतो. माझा जिवाभावाचा दोस्त अशाच वादातून मिळाला. मी शिवाजी पेठेतला, तो मंगळवार पेठेतला, गवंडीकाम करणारा. एरवी आमची गाठ पडायचे कारणच नव्हते. वडील दवाखान्यात होते तेव्हा रात्री त्यांच्या उशाशी तोच बसला. सामन्यात मात्र आम्ही आजही एकमेकांच्या संघाविरुद्ध घसा बसेपर्यंत ओरडतो.

२०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला. तो या खेळवेड्या गावाचाच पोरगा.

दगड भिरकावणाऱ्यांना जरूर मैदानाबाहेर काढा, त्यांच्या संघावरही कारवाई करा. पण आमचे सामने चालू राहू द्या.

– एक फुटबॉलप्रेमी, शिवाजी पेठ, कोल्हापूर