चिठ्ठी जाळा, पुरावा जाळू नका

हल्ली आपल्या पोरांच्या हाती एक नवी चीज आलीय. चिठ्ठी लिहायची, लिंक पाठवायची, समोरच्यानं एकदा उघडली की चिठ्ठी खलास. व्हॉट्सॲपनं नोव्हेंबर २०२० मध्ये सात दिवसांनी पुसला जाणारा मेसेज आणला, २०२१ मध्ये एकदाच दिसणारा फोटो आणला. पोरं खूश. म्हणतात, आता पोलिसाच्या बापालाही काही सापडणार नाही.

मी म्हणतो, थांबा. कुणाचं काय पुसलं जातंय ते आधी बघा.

पुसणं या देशात नवं नाही. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावानं ठार मारले, प्रेतं कालव्यात फेकली. मोठ्या वर्तमानपत्रांना महिनाभर ती बातमीच वाटली नाही. रस्त्यावर आम्ही उतरलो तेव्हा वाटली. तपासात पोलीस, डॉक्टर, अधिकारी कसे वागले यावर यशदाच्या अहवालानंच बोट ठेवलं. वेळेवर घ्यायचा पुरावा वेळेवर घेतला नाही, की तो आपोआप मरतो. त्याला कुठलं ॲप लागत नाही. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. १४ जुलै २०१० ला नागपूर खंडपीठानं फाशीची पंचवीस वर्षांची सक्तमजुरी केली. ॲट्रॉसिटीचा कायदा दोन्हीकडे टिकला नाही. माणसं मेली हे मान्य, जात मात्र निकालातून गायब! आपोआप पुसली जाणारी चिठ्ठी म्हणतात ती हीच.

मग गुप्तता नकोच का? हवी. बिलकुल हवी. सभा कुठे, साक्षीदार कुठे ठेवलाय, जातीबाहेर लग्न केलेलं जोडपं कुणाच्या घरी आहे, हे कुणाच्याही फोनात पडून राहता कामा नये. पण आंधळा भरवसा ठेवू नका. चिठ्ठी सर्व्हरवरून जाते, समोरच्यानं दुसऱ्या फोननं काढलेला फोटो जात नाही. आणि फोनच फोडलेला असेल तर चिठ्ठी जळण्याआधी तिसऱ्यानं वाचलेली असते. २०१९ मध्ये पेगाससचं प्रकरण बाहेर आलं, त्यात या देशातले कार्यकर्ते आणि वकीलही होते. एल्गार प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगनं सांगितलं की रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून कागद घुसवले होते. म्हणजे आपण लिहिलेलं पुसलं तरी न लिहिलेलं सापडू शकतं!

आता दुसरी बाजू. ही हत्यारं फक्त आपल्याच हातात नाहीत. गावातला पाटलाचा पोरगाही जातीवरून शिवी पाठवतो, बलात्काराची धमकी पाठवतो आणि चोवीस तासांत मेसेज हवेत. मग ठाण्यात साहेब विचारतो, "काहून बे, पुरावा कुठाय?"

तेव्हा धमकी दिसली की रडत बसू नका, चिडून डिलीट तर अजिबात करू नका. दुसऱ्या फोननं लगेच फोटो काढा. नंबर, तारीख, वेळ त्यात दिसली पाहिजे. दोघातिघांना दाखवा. फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका. जालन्याच्या निवडणूक खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलं की नुसत्या प्रिंटला प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन मालकानं स्वतः कोर्टात आणून साक्ष दिली तर ते लागत नाही. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा लागू आहे, त्यातही प्रमाणपत्र आहेच. तक्रार लेखी द्या, तिची पोच घ्या.

साधा हिशेब आहे. ज्यानं आपला माणूस धोक्यात येईल ते जाळा. ज्यानं अत्याचारी धोक्यात येईल ते जपा, तीन ठिकाणी जपा. शतकानुशतकं आपल्याला लिहू दिलं नाही. आता लिहिता येतंय, तर आपल्याच हातानं स्वतःला पुसून टाकू नका. प्रत्येक वस्तीत नोंद ठेवणारा एक पोरगा, एक पोरगी उभी करा. आजपासून.