रात्री कोणी उठवलं?

आम्ही रात्री कॉम्प्युटर झोपवून ठेवायचो आणि फजरला उठावं तर आतला पंखा घुमतोय! धाकट्याला दोनदा बोलणी बसली. शेवटी विंडोजलाच विचारलं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, जागा सोडून तिरकी रेघ, लगेच ‘लास्टवेक’. शेवटचं कोणी उठवलं, एवढंच ते सांगतं. म्हणून पुन्हा झोपवण्याआधी विचारावं. उत्तर आलं, माउस! टेबलावर मांजर निजते, हे तेव्हा आठवलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या पॉवर मॅनेजमेंटमधली उठवायची परवानगी काढून टाकली. कधी उत्तर कोरंच येतं. मग ‘लास्टवेक’ऐवजी ‘वेकटायमर्स’ लिहावं. पुढे उठवण्यासाठी लावलेली वेळ असली तर दिसते. त्यासाठी मात्र कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा लागतो. धाकटा अजून फुगलेलाच आहे.