आमच्या भावकीचा सिबिल



दिवाळीत भरवेलीच्या घरी सगळे जमलो होतो. फराळ चालू असताना पुण्याच्या पुतण्याने विचारलं, "काका, आपल्या मराठी लोकांचा सरासरी सिबिल स्कोअर इतरांपेक्षा चांगला असेल ना?"

म्हटलं, आधी घरातला काढू.

आम्ही चौघा भावांनी मोबाइल काढले. 810, 780, 760 आणि 450. सरासरी 700. सगळ्यांच्या नजरा धाकट्याकडे वळल्या. बिचारा हातातला लाडू खाली ठेवून गप्प बसला. स्वतःचा एक हप्ता त्याने कधी चुकवला नाही. मित्राला जामीन राहिला, मित्राने थकवलं आणि ती नोंद याच्याही नावावर चढली. त्याला वगळलं तर सरासरी 783. गंमत म्हणजे 700 हा आकडा आमच्यापैकी एकाचाही नाही.

मग बाबांचा पाहिला. सगळी नोकरी मॅंगनीजच्या खाणीत. किराण्याची उधारी पगाराच्या दिवशी चुकती. बँकेचं कर्ज कधी घेतलंच नाही. त्यांच्या स्कोअरच्या जागी उणे एक, म्हणजे कर्जाचा इतिहासच नाही. घरातला सगळ्यात चोख माणूस सरासरीत धरलाच गेला नाही!

पुतण्याचा प्रश्न राहिलाच. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या आपल्याकडे 300 ते 900 मध्ये स्कोअर काढतात. बँकांकडून त्यांना पॅन, पत्ता, कर्ज, हप्ते कळतात. त्यात जात, धर्म, मातृभाषा यांचा रकानाच नाही. मग समाजाची सरासरी कोण काढणार? आडनाव नाहीतर पिनकोड बघून अंदाजच. अमेरिकेत तर कर्ज देताना वंश-धर्म पाहायला कायद्यानेच मनाई आहे. तिथले अभ्यासकही बऱ्याचदा वस्तीवरून ठोकताळा बांधतात. भरवेलीचा पिनकोड धरला तर मराठी, पवार, गोंड, सगळे एकाच टोपलीत. (आमच्या लग्नाच्या पंगतीत बसतात तसेच.)

या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. त्याच रात्री धाकट्याचा उतरवला. मित्राने कर्ज केव्हाच फेडलं होतं, पण अहवालात अजून थकीतच! लगेच ऑनलाइन तक्रार टाकली. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. धाकट्याने भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेभोवती गोल केला, आणि मग लाडू उचलला.