मिरगीचे जोड-औषध आणि सिरपची धास्ती

२०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या शेजारच्या परासियाकडची लेकरे ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या सिरपने दगावली. मूत्रपिंडे निकामी झालेली कितीतरी मुले नागपूरला हलवली होती. तमिळनाडूच्या तपासणीत त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायइथिलिन ग्लायकॉल निघाले आणि ४ ऑक्टोबरला मध्य प्रदेशाने त्यावर बंदी घातली. तेव्हापासून बाटलीतले औषध म्हटले की आईबाप बिचकले तर नवल नाही. पण ज्या घरात मिरगीचे लेकरू आहे तिथे ही धास्ती महागात पडू शकते.

खोकल्याचे सिरप बंद केले तर खोकला चार दिवस राहील, एवढेच. मिरगीच्या औषधाचे तसे नाही. लहान मुलांना व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटाम बहुधा सिरपच्या रूपातच देतात. ते एकाएकी थांबवले तर झटके जास्त जोराने परततात, कधी थांबतच नाहीत. शंका आली तर बिल घ्यावे, बॅच नंबर पाहावा, डॉक्टरांना दाखवावे. बाटली मात्र मनाने बाजूला ठेवू नये. जामसावळीला नवस बोलणाऱ्यांनाही हेच सांगणे: नवस फेडा, पण डोस चुकवू नका.

आता जोड-औषधाविषयी. नीट निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबले नाहीत, तर डॉक्टर त्या मिरगीला औषधाला न जुमानणारी म्हणतात. ग्लासगोच्या २०००च्या अभ्यासात लहानमोठे मिळून ४७० नवे रुग्ण होते. पहिल्याच औषधाने ४७ टक्क्यांचे झटके थांबले, दुसऱ्या-तिसऱ्याने आणखी १४ टक्क्यांचे, आणि दोन औषधे एकत्र देऊन फक्त ३ टक्क्यांचे. म्हणून क्लोबाझाम किंवा टोपिरामेट जोडताना ‘आता बरा होईल’ अशी आशा धरली तर महिन्याभरात निराशा येते आणि औषध सुटते. झटके निम्म्याने कमी झाले तरी डॉक्टर त्याला यश मानतात, आणि महिन्याला वीस झटके येणाऱ्या मुलाच्या आईला दहाचा अर्थ कळतो. झटके कधी आले याची वही ठेवावी. वहीशिवाय हिशोब लागत नाही, हे बँकवाल्याने सांगायला नको.

टोपिरामेटची एक गोष्ट आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्याची. त्याने काही मुलांना घाम कमी येतो आणि अंग तापते. मे महिन्यात सौसरच्या उन्हात हे हलके घेऊ नये.

खरा पेच पैशाचा आहे. आयुष्मान कार्ड वर्षाला ५ लाखांपर्यंत देते, पण भरती झाल्यावर. सुटीनंतरची औषधे १५ दिवसांची. जोड-औषध मात्र वर्षानुवर्षे, दर महिन्याला लागते. म्हणजे झटके वाढून मूल भरती झाले तर सरकार खर्च करणार, झटके येऊ नयेत म्हणून लागणारी बाटली बापाच्या खिशातून. हा उलटा हिशोब मला पटत नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२चा ५ टक्के झाला. कंपनीने तेवढी किंमत उतरवली तर शंभर रुपयांमागे सहा-सव्वासहा वाचतात. क्लोबाझाम आणि लेव्हेटिरासेटाम राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत, तेव्हा सरकारी दवाखान्यात आधी विचारावे. मिरगीसोबत सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा मतिमंदत्व असेल तर नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ योजना १ लाखापर्यंतचा खर्च देते आणि त्यात ओपीडीची औषधेही धरते. अपंगत्वाचा दाखला लागतो. नुसत्या मिरगीला ती लागू नाही.

२०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरी मोठ्या दवाखान्यासाठी आपली वाट नागपूरचीच. झटका पाच मिनिटांहून लांबला तर ती आणीबाणी असते आणि रस्ता त्याहून कितीतरी लांब. म्हणून नागपूरहून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना नाकात मारायच्या मिडाझोलाम स्प्रेबद्दल विचारावे, मात्रा लिहून घ्यावी, आणि तो कसा मारायचा हे घरातल्या दोघांनी तरी शिकून यावे.